ताब्यातील हसू : अमेरिकी पोलीस-जोडगोळीच्या विनोदपटांतील प्रतिरूपण

१

लोकप्रिय कलाप्रकारांतील प्रतिरूपणाची चर्चा बहुधा एका ठरावीक प्रश्नापाशी येऊन थांबते : अमुक समाजगटाची प्रतिमा अनुकूल आहे की प्रतिकूल? हा प्रश्न गैर नाही, पण विनोदी कलाकृतीच्या संदर्भात तो अपुरा पडतो. विनोदात प्रतिमा स्थिर राहत नाही. एका क्षणी जो हास्यास्पद ठरतो तोच पुढच्या क्षणी दुसऱ्याला हास्यास्पद ठरवतो. अशा ठिकाणी प्रतिमांची बेरीज-वजाबाकी करून हाती फारसे काही लागत नाही. तेथे पाहावा लागतो तो हास्याचा व्यवहार : विनोद कोण करतो, कोणावर करतो, कोणाच्या समक्ष करतो आणि मुख्य म्हणजे कोणाच्या परवानगीने करतो.

या दृष्टीने अमेरिकी चित्रपटातील पोलीस-जोडगोळीचा विनोदपट हा एक उद्बोधक प्रकार आहे. परस्परविरोधी स्वभावाचे, आणि बहुतेक वेळा भिन्न वंशांचे, दोन नायक एका गुन्ह्याच्या तपासासाठी एकत्र आणले जातात; भांडतात, एकमेकांची टर उडवतात, एकमेकांचे प्राण वाचवतात आणि अखेरीस मित्र होतात. १९८० नंतरच्या दोन दशकांत हा साचा इतका रूढ झाला की त्यावर गंभीरपणे काही लिहावे असे समीक्षकांना क्वचितच वाटले. तथापि, ज्या देशात पोलीस आणि कृष्णवर्णीय नागरिक यांचे संबंध हा राष्ट्रीय जीवनातील सर्वांत रक्तरंजित प्रश्नांपैकी एक आहे, त्या देशाने हाच संबंध विनोदाचा विषय म्हणून निवडावा, ही बाब योगायोगाची मानता येत नाही.

इंग्रजीत ज्या एका शब्दाने काम भागते त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत : प्रतिरूपण आणि प्रतिनिधित्व. एखाद्याचे चित्र उभे करणे वेगळे आणि एखाद्याच्या वतीने बोलणे वेगळे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी आपल्या १९८८ च्या प्रसिद्ध निबंधात मार्क्सच्या जर्मन शब्दांच्या आधारे हाच भेद प्रयासाने स्पष्ट केला. मराठी वाचकाला तो भाषेनेच दिलेला आहे. या दोन अर्थांची गल्लत कशी होते याचे सोपे उदाहरण 'फ्रीबी अँड द बीन' (१९७४) या चित्रपटात सापडते. त्यातील मेक्सिकन वंशाच्या पोलिसाची भूमिका ॲलन आर्किन या मेक्सिकन नसलेल्या नटाने केली आहे. प्रतिरूपण आहे, प्रतिनिधित्व नाही; आणि वंशावरून होणारी थट्टा दोन्ही बाजूंनी झाली तरी ती शेवटी एकाच बाजूच्या घरातली राहते.

पोलीस-जोडगोळीच्या विनोदपटात कृष्णवर्णीय नटाला विनोदाचे कर्तेपण मिळाले, पण ते कर्तेपण कायद्याच्या ताब्यात राहण्याच्या अटीवर मिळाले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही अट जेथे झाकली जाते तेथे हे चित्रपट निव्वळ सांत्वन करतात. जेथे ती उघडी पडते तेथे त्यांना काही सांगायचे असते.

२

विनोदाच्या व्यवहाराचा विचार करताना दोन भिन्न परंपरांतील दोन कल्पना उपयोगी पडतात. फ्रॉइडने विनोदावरील आपल्या १९०५ च्या ग्रंथात दाखवून दिले की, हेतुपूर्वक केलेल्या विनोदाला तीन व्यक्ती लागतात : विनोद करणारा, ज्याच्यावर तो केला जातो तो, आणि जो ऐकून हसतो तो तिसरा. विनोदाची परिपूर्ती या तिसऱ्याच्या हसण्यात होते. चित्रपटात हा तिसरा म्हणजे प्रेक्षक. मात्र पोलीसपटात प्रेक्षकाच्याही आधी आणखी एक तिसरा हजर असतो, तो म्हणजे कायदा. त्याच्या देखतच सारे काही घडते.

दुसरी कल्पना भरताची. हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद भरताने केले : स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. त्याचबरोबर स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित अशा सहा प्रकारांची उत्तम, मध्यम आणि अधम या प्रकृतींत विभागणीही केली. उत्तमांनी स्मित करावे, अधमांनी खदखदून हसावे. याचा अर्थ असा की, हसण्याची मुभा समाजात समान वाटलेली नाही आणि हसण्याच्या शारीरिक रूपावरून हसणाऱ्याची पायरी ओळखली जाते, हे भरताला पूर्णपणे ठाऊक होते. ही पायऱ्यांची व्यवस्था आपल्याला मान्य असण्याचे कारण नाही; पण ती आहे हे भरताने लपवले नाही, आणि म्हणूनच हॉलिवूडपटाच्या चिकित्सेत ती कामाची ठरते.

या जोडगोळीची वंशावळ विनोदी नाही. लेस्ली फीडलर यांनी १९४८ च्या एका निबंधात आणि पुढे १९६० च्या आपल्या ग्रंथात अमेरिकी कथनसाहित्यातील एक आवर्ती आकृतिबंध दाखवला होता : सुसंस्कृत समाजापासून, विशेषतः स्त्रियांपासून, दूर पळालेला गोरा पुरुष आणि त्याचा गौरेतर सोबती. हक आणि जिम, इश्माएल आणि क्वीक्वेग ही त्याची ठळक रूपे. चित्रपटात हा आकृतिबंध १९५८ च्या 'द डिफायंट वन्स'मध्ये शब्दशः साखळीने बांधून आला. सिडनी पॉइटिए आणि टोनी कर्टिस हे दोन पळालेले कैदी एकाच बेडीत अडकलेले. बेडी तुटल्यावरही पॉइटिएचे पात्र गोऱ्या सोबत्यासाठी धावत्या आगगाडीतून उडी टाकते. या प्रसंगावर जेम्स बॉल्डविन यांनी पुढे 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' (१९७६) या पुस्तकात केलेले निरीक्षण मार्मिक आहे : उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकाला त्या उडीने हायसे वाटले, तर हार्लेममधील प्रेक्षक त्या मूर्खपणावर संतापला. एकाच दृश्याचे दोन प्रेक्षक असतात, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) मध्ये पॉइटिए स्वतःच पोलीस अधिकारी झाला. फिलाडेल्फियाचा व्हर्जिल टिब्स मिसिसिपीतील गोऱ्या पोलीसप्रमुखाबरोबर तपास करतो, तोही सुरुवातीला स्वतःच संशयित म्हणून पकडला गेल्यानंतर. पुढच्या सर्व जोडगोळ्यांचा आराखडा येथे तयार आहे. एकच गोष्ट नाही, ती म्हणजे विनोद. टिब्स हसत नाही. त्याची प्रतिष्ठा त्याच्या न हसण्यात आहे. कृष्णवर्णीय नटांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या केवळ हास्यास्पद भूमिका आल्या होत्या. त्या इतिहासाला पॉइटिएने दिलेले उत्तर म्हणजे हे गांभीर्य. प्रश्न असा उरला की, हास्यास्पद न होता हसता येईल का?

३

वॉल्टर हिल दिग्दर्शित '४८ अवर्स' (१९८२) हे या प्रश्नाला मिळालेले पहिले मोठे व्यावसायिक उत्तर होय. एडी मर्फीचा हा पहिला चित्रपट. सॅन फ्रान्सिस्कोमधील जॅक केट्स (निक नोल्टी) हा उग्र, अव्यवस्थित पोलीस, रेजी हॅमंड (मर्फी) या कैद्याला दोन फरारी गुन्हेगारांच्या शोधासाठी अठ्ठेचाळीस तासांपुरते तुरुंगातून बाहेर काढतो. म्हणजे ही जोडगोळी दोन पोलिसांची नाही. एक पोलीस आणि एक त्याच्या ताब्यातील माणूस अशी ती आहे. या प्रकाराचा आदर्श नमुना मानल्या गेलेल्या चित्रपटातच कृष्णवर्णीय नायक बेडीसह प्रवेश करतो, हे विसरता कामा नये. एड गरेरो यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ऐंशीच्या दशकातील अशा चित्रपटांतील कृष्णवर्णीय प्रतिमेला संरक्षक ताब्यात ठेवलेली प्रतिमा म्हटले ते याच कारणाने. त्यांचा रोख मुख्यतः कृष्णवर्णीय नायकाला त्याच्या समाजापासून तोडून गोऱ्या सोबत्याच्या हवाली करण्यावर आहे. मला येथे पाहायचे आहे ते हे की, हा ताबा हास्यावर कसा चालतो.

चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग मद्यगृहातला आहे. सारे गिऱ्हाईक गोरे, ग्रामीण वळणाचे आणि उघडपणे वंशद्वेषी. पोलिसाचे काम म्हणजे काय ते आपल्यालाही जमते, अशा बढाईवरून पैज लागते आणि केट्स आपला बिल्ला रेजीच्या हाती देतो. रेजी आत शिरतो, पेला फेकून आरसा फोडतो, गिऱ्हाइकांची झडती घेतो, त्यांना धाकात ठेवतो आणि हवी ती माहिती मिळवतो. केट्स बाजूला राहून पाहत असतो.

हा प्रसंग कार्निव्हलसदृश उलथापालथीचा म्हणून वाचण्याचा मोह होतो, आणि त्यात तथ्यही आहे. पोलीस ज्या पद्धतीने कृष्णवर्णीय वस्तीत वागतात नेमक्या त्याच पद्धतीने रेजी गोऱ्यांशी वागतो. हे विडंबन आहे, आणि ते पोलिसी वागणुकीचे विडंबन आहे. झडती, धमकी, अपमान या साऱ्यांतील नाटकीपणा उघडा पाडण्याचे काम येथे कैद्याकडून होते. बिल्ला ज्याच्या हाती, त्याच्या तोंडी ती भाषा आपोआप येते, हे प्रेक्षकाला हसता हसता कळते. पण याच प्रसंगाची दुसरी बाजू अशी की, ही सत्ता उसनी आहे. बिल्ला केट्सचा आहे. रेजीचा विनोद परस्थ हास्याचा उत्तम नमुना असला, तरी त्याच्या पाठीशी उभा असलेला गोरा पोलीस हाच त्या विनोदाचा जामीन आहे. बिल्ल्याशिवाय हेच कृत्य करणारा रेजी विनोदी ठरला नसता. तो पुन्हा गुन्हेगारच ठरला असता. हार्लेममधल्या प्रेक्षकाला त्या खोलीतील गोऱ्यांची गाळण पाहून आनंद होतो, आणि उपनगरातल्या गोऱ्या प्रेक्षकाला आपण त्या अडाण्यांतले नव्हे, केट्सच्या बाजूचे आहोत, हे समाधान मिळते. दोन प्रेक्षकांना एकाच वेळी दोन निराळी हसू पुरवण्याची ही युक्ती हेच या प्रकाराच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग मात्र कमी चर्चिला गेला आहे. चित्रपटाच्या पूर्वार्धात केट्स रेजीला उद्देशून वंशवाचक शिव्यांचा सर्रास वापर करतो. उत्तरार्धात तो दिलगिरी व्यक्त करतो आणि सांगतो की, ते मनापासून नव्हते. तुला दाबून ठेवणे हे माझे काम होते, तेवढेच मी करत होतो. रेजीचे उत्तर असे की, कामाच्या नावाने सगळ्याच गोष्टींचा खुलासा होत नाही. येथे विनोद थांबतो. संपूर्ण चित्रपटभर 'रांगड्या मैत्रीतील थट्टा' म्हणून जे खपवले गेले ते व्यवस्थेचे काम होते, अशी कबुली खुद्द चित्रपटच देतो. काही क्षणच, त्यानंतर कथा पाठलागाकडे वळते. परंतु या क्षणांमुळे '४८ अवर्स' त्याच्या बहुतेक अनुकरणांहून प्रामाणिक ठरतो. शेवटी रेजी तुरुंगात परत जातो, आणि १९९० मधील पुढच्या भागातही तो पुन्हा तुरुंगातूनच बाहेर आणला जातो. मैत्री झाली म्हणून ताबा सुटत नाही.

आणखी एक बाब नोंदवली पाहिजे. ज्यांचा पाठलाग होतो ते गांझ आणि बिली बेअर हेही एक द्विवंशीय जोडपेच आहे : एक गोरा, दुसरा मूळनिवासी अमेरिकी. त्यांचे परस्परांवर इमान आहे, पण विनोद त्यांच्या वाट्याला जवळपास येत नाही. कायद्याच्या बाहेरची आंतरवंशीय मैत्री भयकारक आणि कायद्याच्या ताब्यातली विनोदी, अशी ही वाटणी आहे.

४

'बेव्हर्ली हिल्स कॉप' (१९८४) मध्ये मर्फीच्या हाती स्वतःचा बिल्ला आला. डेट्रॉइटचा गुप्तहेर ॲक्सल फोली मित्राच्या खुनाचा छडा लावण्यासाठी लॉस एंजेलिसजवळच्या धनाढ्य नगरीत येतो. महागड्या हॉटेलात खोली मिळत नाही तेव्हा तो वंशभेदाचा मोठ्याने आरोप करतो आणि अवघडलेले कर्मचारी त्याला खोली देऊन टाकतात. आरोप खोटा आहे, पण तो लागू पडतो. कारण तो खरा असू शकतो हे सर्वांना माहीत आहे. व्यवस्थेच्या अपराधभावाचा असा हत्यारासारखा वापर हा मर्फीच्या विनोदाचा कळीचा गुण. त्याचबरोबर हाही परिणाम संभवतो की, वंशभेदाची तक्रार म्हणजे एक युक्ती, असा ग्रह प्रेक्षक घरी घेऊन जाईल. एकच विनोद दोन्ही बाजूंनी कापतो.

मर्फीचे ते प्रसिद्ध, घोगरे, शरीर हलवणारे हसू भरताच्या वर्गीकरणात निःसंशय अतिहसितात मोडेल. पण फोली हा त्या नगरीतील सर्वांत चतुर माणूस आहे, आणि टॅगर्ट व रोझवूड हे शिस्तबद्ध, स्मितापलीकडे न जाणारे गोरे पोलीस त्याच्यापुढे बावळट दिसतात. अधमाचे म्हणून ठरवलेले हसू उत्तम बुद्धीचे लक्षण होऊन येते, ही मर्फीने केलेली खरी उलथापालथ होय. ती संहितेत शोधून सापडणार नाही. ती नटाच्या देहात आणि आवाजात आहे. प्रतिरूपणाची चर्चा केवळ कथानकावर विसंबली तर नेमकी हीच गोष्ट निसटते.

रिचर्ड डॉनर यांच्या 'लीथल वेपन' (१९८७) ने भूमिका उलटवल्या. येथे कृष्णवर्णीय रॉजर मर्टॉ (डॅनी ग्लोव्हर) पन्नाशीचा, कुटुंबवत्सल, घरदार असलेला; आणि गोरा मार्टिन रिग्ज (मेल गिब्सन) व्हिएतनाम युद्धातून आलेला, पत्नीच्या मृत्यूने खचलेला, आत्मघाताच्या कडेवर उभा असलेला. अनुकूल-प्रतिकूल प्रतिमांच्या हिशेबात ही मोठीच प्रगती. विनोदही वंशावर बेतलेला राहिला नाही. तो मर्टॉचे वय आणि रिग्जचा वेडेपणा यांवर उभा राहतो. मात्र हास्याच्या व्यवहाराकडे पाहिले की चित्र बदलते. मर्टॉ सभ्य झाला आणि त्याच वेळी विनोदाचे कर्तेपण रिग्जकडे गेले. मर्टॉ वैतागतो, घाबरतो, कुरकुरतो; हास्य त्याच्यावर घडते. त्याच्या घराचे कथानकातील कार्यही तपासण्याजोगे आहे. ते एका दुखावलेल्या गोऱ्या पुरुषाला बरे करण्याचे ठिकाण आहे. अंतिम द्वंद्व मर्टॉच्याच अंगणात होते, पण लढतो रिग्ज. मर्टॉ इतर पोलिसांना रोखून धरतो आणि जबाबदारी आपल्यावर घेतो. शेवटी नाताळच्या जेवणाला रिग्ज त्या घरात शिरतो. फीडलर यांच्या आकृतिबंधातील पळालेला गोरा येथे कुटुंबात परत येतो, फक्त ते कुटुंब आता कृष्णवर्णीयाचे आहे.

१९८९ मधील दुसऱ्या भागाने या सभ्यतेची राजकीय किंमत स्पष्ट केली. खलनायक आहेत दक्षिण आफ्रिकेचे राजनैतिक अधिकारी. मर्टॉ त्यांच्या वकिलातीत जाऊन, आपल्याला दक्षिण आफ्रिकेत स्थलांतर करायचे आहे असे साळसूदपणे सांगतो. समोरचा अधिकारी त्याला परावृत्त करू पाहतो, आणि का, हे उच्चारताना त्याची तारांबळ उडते. प्रसंग खरोखर विनोदी आहे आणि त्याचे लक्ष्यही योग्य आहे. परंतु त्यातून साधले काय? वंशद्वेष परदेशी ठरला. तो परकीय उच्चारात बोलतो, राजनैतिक संरक्षणाआड दडतो, आणि लॉस एंजेलिसचे पोलीस त्याच्याविरुद्ध न्यायाचे हात ठरतात. कायदा आड येतो तेव्हा ते कायदा मोडतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ३ मार्च १९९१ च्या रात्री, त्याच लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला केलेली मारहाण एका रहिवाशाने चित्रफितीवर टिपली आणि जगाने पाहिली. या घटनेनंतर नेमलेल्या क्रिस्टोफर आयोगाने पोलिसांच्या गस्ती-गाड्यांतील संगणकांवरून परस्परांना पाठवलेले संदेश तपासले. त्यांत वंशद्वेषी शेरे आढळले. आणि त्यांतले कितीतरी थट्टेच्या, विनोदाच्या सुरात लिहिलेले होते. विनोदाच्या अभ्यासकाने या अहवालाची दखल घेतली पाहिजे असे मला वाटते. कारण पोलीस गाडीत बसून दोन सहकारी विनोद करतात, हे तर या चित्रपटांचे मूळ दृश्य! चित्रपटात त्या गाडीतल्या विनोदाने वंशभेद विरघळतो. प्रत्यक्षातील गाडीत विनोद हेच वंशभेदाचे वाहन होते. फ्रॉइडचा तिसरा तेथेही होता. तो दुसऱ्या गाडीत बसून संदेश वाचत हसत होता.

२९ एप्रिल १९९२ रोजी चार पोलीस अधिकारी मारहाणीच्या आरोपातून जवळजवळ पूर्णपणे सुटले. उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत 'लीथल वेपन'चा तिसरा भाग प्रदर्शित झाला. चित्रीकरण अर्थातच आधीचे. त्यात मर्टॉच्या गोळीने एक कृष्णवर्णीय मुलगा, त्याच्याच मुलाचा मित्र, मरतो. मर्टॉचा शोक खोटा नाही. ग्लोव्हरने तो समर्थपणे उभा केला आहे. पण पोलिसाच्या हातून कृष्णवर्णीय मुलगा मरतो तेव्हा गोळी झाडणारा हात कृष्णवर्णीयाचाच असावा, हा निर्णय चित्रपटाचा आहे. आणि त्या शोकातून बाहेर काढणारी थट्टामस्करी पुन्हा रिग्जच्याच ताब्यात आहे.

५

ब्रेट रॅटनर यांच्या 'रश अवर' (१९९८) मध्ये जोडगोळीतून गोरा माणूसच नाहीसा झाला. हाँगकाँगचा ली (जॅकी चॅन) आणि लॉस एंजेलिसचा कार्टर (क्रिस टकर) या दोघांनाही तपासातून दूर ठेवण्यासाठी एकमेकांच्या गळ्यात बांधले जाते. बांधणारे गोरे अधिकारी आहेत. म्हणजे ताबा नाहीसा झालेला नाही. तो कथेच्या चौकटीत सरकला आहे. खरा सूत्रधार इंग्रज निघावा आणि त्याने चिनी कलावस्तूंचा संग्रह केलेला असावा, ही योजना हाँगकाँगच्या १९९७ मधील हस्तांतराच्या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण आहे.

येथील विनोद बव्हंशी भाषेचा आहे. विमानतळावर कार्टर, समोरच्याला इंग्रजी येत नाही असे गृहीत धरून, मोठमोठ्याने तुटक शब्दांत बोलतो. ली गप्प राहतो. बऱ्याच वेळाने तो व्यवस्थित इंग्रजीत बोलतो आणि कार्टरच्या गृहीतकाची जबाबदारी आपल्यावर नाही असे सुचवतो. मौन हे येथे विनोदाचे साधन आहे. विदेशी माणूस म्हणजे भाषाहीन माणूस, हा जुना ठोकळा खुद्द त्या माणसाच्याच हातातले हत्यार होतो.

याची प्रतिबाजू त्याहून बोलकी आहे. एका मद्यगृहात कार्टर ओळखीच्या कृष्णवर्णीयांना एका विशिष्ट शब्दाने अभिवादन करतो; तो शब्द गोऱ्यांच्या तोंडी शिवी असून या मंडळींत आपसांत जिव्हाळ्याचा झालेला आहे. आपण करू तसे कर, अशी सूचना कार्टरने लीला दिलेली असते. ली विनयाने, सस्मित मुद्रेने तोच शब्द उच्चारतो आणि मारामारीला तोंड फुटते. शब्द तोच, स्वर अधिक सौम्य, हेतू निष्पाप. तरीही उक्ती वेगळी. अर्थ शब्दात नसून कोण, कोणाला, कोणत्या इतिहासासह बोलतो यात असतो, हा वर्गात पुष्कळ परिश्रमाने समजावून द्यावा लागणारा सिद्धान्त अर्ध्या मिनिटात सिद्ध होतो. विशेष असे की, या विनोदाचे लक्ष्य ली नाही आणि मद्यगृहातील माणसेही नाहीत. लक्ष्य आहे ते अनुकरणाने आपलेपणा मिळतो ही समजूत. जोडगोळीपटाचा सारा आशावाद याच समजुतीवर उभा असल्याने, हा विनोद प्रकाराच्या मुळावरच येतो.

दुर्दैवाने चित्रपट हे सातत्य टिकवत नाही. कार्टरच्या बडबडीत चिनी माणसांविषयीचे शिळे विनोद भरपूर आहेत, आणि एका गौरेतराने दुसऱ्या गौरेतराची टर उडवली की ती आपोआप निर्दोष होते, असा सोयीस्कर संकेत त्यामागे आहे. १९९२ च्या दंगलीत ज्या शहरात कोरियन वंशीयांच्या दुकानांची मोठी हानी झाली, त्याच शहरात सहा वर्षांनी हा संकेत प्रेक्षकांना सुखावतो, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. तिसऱ्याच्या जागी बसलेला गोरा प्रेक्षक आता पूर्ण निर्धास्तपणे हसू शकतो. विनोद करणारा तो नाही आणि ज्याच्यावर केला तोही तो नाही.

६

स्पाइक ली यांचा 'ब्लॅकक्लॅन्समन' (२०१८) हा या प्रकाराचा वारस म्हणून क्वचितच पाहिला जातो, पण त्याचा सांगाडा जोडगोळीपटाचाच आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जचा कृष्णवर्णीय पोलीस रॉन स्टॉलवर्थ दूरध्वनीवरून गोरा असल्याचे भासवून कू क्लक्स क्लॅनमध्ये शिरकाव करतो; प्रत्यक्ष भेटीला त्याचा ज्यू सहकारी जातो. एकाचा आवाज, दुसऱ्याचे शरीर. प्रतिरूपण आणि प्रतिनिधित्व यांचा भेद येथे कथानकाचे यंत्रच झाला आहे. क्लॅनचा प्रमुख दूरध्वनीवरील आवाजाच्या शुद्ध गौरवर्णीयतेबद्दल निःशंक असतो, हा विनोद वंश ही एक वठवलेली गोष्ट आहे हे कोणत्याही विवेचनाहून प्रभावीपणे दाखवतो.

शेवटाकडे स्टॉलवर्थ दूरध्वनीवरूनच त्या प्रमुखाला आपली खरी ओळख देतो आणि भोवतालचे सहकारी हास्यकल्लोळात बुडतात. जोडगोळीपट येथे संपायला हवा होता. पण तपास बंद करण्याचा व कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेश त्याआधीच आला आहे. आणि हसण्यानंतर दारावर थाप पडते, दूरवर जळता क्रूस दिसतो, व मग ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे झालेल्या हिंसाचाराची प्रत्यक्ष चित्रणे येतात. प्रेक्षकाचे हसू घशात अडकते. आपण ज्या विनोदाने सुटका झाली असे समजत होतो त्याने काहीच सुटले नव्हते. '४८ अवर्स'मध्ये क्षणभर दिसलेली कबुली येथे रचनेच्या पातळीवर आली आहे. तरीही याच चित्रपटावर बूट्स रायली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने, पोलिसांना वंशद्वेषविरोधी लढ्यातील सोबती म्हणून रंगवल्याबद्दल जाहीर टीका केली. ती टीका मला पूर्णतः मान्य नाही. पण ती चित्रपटापेक्षा प्रकारावर अधिक लागू पडते, आणि म्हणून ती टाळताही येत नाही. हा प्रकार बिल्ल्याची चिकित्सा करू शकतो, बिल्ला टाकून देऊ शकत नाही.

७

हा साचा हिंदी चित्रपटात आला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहणे येथे अप्रस्तुत ठरू नये. 'मैं खिलाडी तू अनाडी' (१९९४) हा 'द हार्ड वे' (१९९१) या अमेरिकी जोडगोळीपटाचा मुंबईतील अवतार. जोगळेकर आडनावाचा इन्स्पेक्टर आणि त्याच्या गळ्यात पडलेला सिनेनट यांच्यातील विसंगतीवर त्याचा विनोद उभा आहे. मूळ चित्रपटाप्रमाणेच येथेही भेद आहे तो व्यवसायाचा आणि स्वभावाचा. जात किंवा धर्म यांना या हसण्यात जागा नाही. हा चित्रपट १९९२-९३ च्या मुंबई दंगलींनंतरचा आहे. आणि त्या दंगलींतील पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात स्पष्टपणे बोट ठेवले. त्यापुढील वर्षीच्या 'सरफरोश'मध्ये (१९९९) भिन्नधर्मीय पोलिसांची जोडी अखेर अवतरते. इन्स्पेक्टर सलीमवर दाखवलेला अविश्वास आणि त्याची त्याला झालेली जखम हा त्या चित्रपटातील सर्वांत जिवंत भाग आहे. पण राठोड आणि सलीम यांच्यातील हा प्रश्न संपूर्ण गांभीर्याने हाताळला जातो. त्यावर एकही विनोद संभवत नाही. सलीमला टिब्ससारखे हसता न येण्याचे ओझे वाहावे लागते. आपले इमान सिद्ध करत असलेल्या माणसाला विनोद परवडत नाही.

दोन चित्रपटांवरून सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे. तरी हा विरोध सूचक आहे. एकीकडे हसू आहे तेथे भेद नाही, आणि भेद आहे तेथे हसू नाही. हॉलिवूडने भेदावरच हसू उभारले, आणि त्या हसण्याने पुष्कळदा खोटे सांत्वन केले. आपल्याकडील मौन त्याहून श्रेष्ठ आहे असे मानण्याचे कारण नाही. थट्टेत निदान जखमेला स्पर्श होतो. स्पर्शच टाळणाऱ्या संस्कृतीत ती जखम आहे हे कबूल करण्याचीही गरज उरत नाही.

तेव्हा अशा चित्रपटांना विचारायचा प्रश्न 'प्रतिमा कशी आहे' एवढाच असू नये. या हसण्याला जामीन कोण आहे, आणि तो जामीन काढून घेतला तर हसणारा माणूस कोठे उभा असेल, हे विचारले पाहिजे. रेजी हॅमंडच्या बाबतीत उत्तर चित्रपटानेच दिले आहे : तुरुंगात.